नव्वदच्या वर

गोधडीची तिसरी घडी घातली तरी आकडा बावन्नच्या वर जाईना. बाहेर भोपाळ मेच्या उन्हात करपत होतं. कूलर मुद्दाम बंद, खिडक्या लावलेल्या, आणि काशिनाथराव बनियनवर, लॅपटॉपला पांघरूण घालून बसलेले. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुमत होता.

“अहो, बाळ झोपवलंय का त्यात?” रत्नप्रभाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“गप बस. नव्वद पाहिजेत मला.”

नव्वद कशाला, हे बायकोला सांगायची सोय नव्हती. जानेवारीत त्यांच्या एकतीस वर्षांच्या पिंटूनं कारखान्यातली पक्की नोकरी सोडली आणि पुण्याला निघाला. आनंद नगरच्या घरासमोर रिक्षा उभी असताना काशिनाथराव म्हणाले होते, “कामाशिवाय मला फोन करायचा नाही.” पोरगा बापाचाच. शब्द पाळला. आईशी रोज बोलायचा, बापाशी नाही.

पण जाण्याआधी त्यानं बापाच्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम टाकून ठेवला होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात तांबडा थर्मामीटर. मशीन नव्वदच्या वर तापलं की पिंटूच्या मोबाइलवर मेसेज. मार्चमध्ये काशिनाथराव लॅपटॉपवर भजनं लावून, तो उशीवर तसाच ठेवून जेवायला गेले. पाच मिनिटांत फोन. “बाबा, लॅपटॉप तापलाय. उशीबिशीवर ठेवलाय का? उचला.” दोन महिन्यांनी ऐकलेला आवाज.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो स्वतःच उशीवर ठेवला.

मग चटकच लागली. कधी उशी, कधी गोधडी, शेवटी तर मागच्या जाळीत कापूस. चौतीस वर्षं कारखान्यात विजेच्या मोटारी गार ठेवायचा पगार घेतलेला माणूस. तापवायचं कसं, हे त्यांना शिकवायला नको होतं. फोनवर आधी पंखा, मग धूळ, मग हळूच “जेवलास का?” फोन ठेवला की एकटेच मांडीवर थाप मारून हसायचे. काय टोपी घातली कार्ट्याला!

कापसानं मात्र घात केला. लॅपटॉप मेला. बिट्टन मार्केटच्या मेकॅनिकनं चिमट्यानं बोळा ओढून काढला. “अंकल, इसमें रुई किसने ठूँसी?”

“चूहा होगा,” काशिनाथराव डोळ्याची पापणीही न लववता म्हणाले.

“बड़ा मेहनती चूहा है. देखो, विंडोज उड़ गई थी, लिनक्स डाल दिया. टेंपरेचर यहाँ ऊपर दिखेगा. पंखा फुल स्पीड पे रखा है. अब बर्फ रहेगा, बर्फ!”

बर्फच राहिला. आठ दिवस फोन नाही. आकडा दिसतोय म्हणजे मेसेजही जाणार, असं धरून काशिनाथराव झुंजत होते. आज गोधडीत डोकं घालून स्क्रीन नीट पाहिली, तर तांबडा थर्मामीटर कुठेच नाही. मेकॅनिकला फोन लावून विचारलं.

“वो तो विंडोज वाला था अंकल. गया.”

म्हणजे नव्वद काय, नऊशे केले असते तरी पुण्याला पत्ता लागला नसता.

त्यांनी लॅपटॉप बंद केला. गॅलरीत गेले, परत आले. कूलर लावला, बंद केला, पुन्हा लावला. मोबाइल उचलला, पिंटूचं नाव काढलं. काम काय सांगायचं? ठेवला. परत उचलला.

“मी बोलते ना रोज, तेव्हा घ्या की फोन,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

“माझं काय काम आहे त्याच्याशी?”

“नसू दे. कालच सांगितलं मी त्याला, बाबांनी लॅपटॉप दुरुस्त करून आणलाय, जुनं विंडोजबिंडोज सगळं गेलं, आता बर्फासारखा गार असतो म्हणून.”

“कशाला सांगायचं ते!” काशिनाथराव असे ओरडले की बाई दचकल्या. आता थाप मारायचीही सोय उरली नाही.

बाईंनी ताकाचा पेला आणला आणि जागा दिसेना म्हणून लॅपटॉपच्या झाकणावरच ठेवला. काशिनाथरावांनी तो तिथेच राहू दिला. त्या मशीनचा आता तेवढाच उपयोग होता.

फोन वाजला. पिंटू.

“बाबा, लॅपटॉप तापलाय. आत्ताच मेसेज आला. पंचाण्णव दाखवतोय.”

काशिनाथरावांनी लॅपटॉपकडे पाहिलं. झाकण बंद, वर ताक, समोरून कूलरचा वारा. कडेवर हात ठेवला. थंडगार.

“हो ना रे,” ते म्हणाले, “हात टेकवत नाही. काय करू, सांग. सावकाश सांग.”