आठ ते नऊ

“हलू नकोस!” कंपाउंडर ओरडले.

ओली चादर हातात धरून त्यांची पत्नी गच्चीवर जागच्या जागी थिजली. “साप आहे का?”

“स्टेशन आहे! तू तिथे उभी राहिलीस आणि खरखर थांबली.”

“म्हणजे आता तुमच्या त्या अँटेनाच्या काड्यांशेजारी मलाही कायमची ठोका,” ती म्हणाली. पण हलली नाही.

एफएम एरवी इतक्या लांबून येत नाही. एखाद्या सकाळी मात्र हवाच अशी जुळून येते, की आठशे किलोमीटरवरचं माणूस शेजारच्या खोलीत बोलल्यासारखं वाटतं. निवृत्तीनंतर कंपाउंडरांनी अशी पन्नासेक परगावची स्टेशनं पकडली होती. हवं होतं ते एक काही सापडत नव्हतं. त्या एकावर त्यांची लेक रोज आठ ते नऊ बोलायची.

आठ वीस झाले होते. गाणं संपलं. स्टेशनचं नाव आलं, तेच. कार्यक्रमाचं नाव आलं, तेच. मग एक मुलगी खळखळून हसली. “तीन महिन्यांपूर्वी या खुर्चीत पहिल्यांदा बसले, तेव्हा पाय लटपटत होते हो माझे! पण तुम्ही मला आपलं म्हटलंत...”

आवाज लेकीचा नव्हता.

“सर्दी झाली असेल तिला,” पत्नी हळूच म्हणाली.

“सर्दीने माणूस बदलतं का?”

“मग रजा घेतली असेल.”

“तीन महिने? आणि काल ती सांगत होती ते? एकच गाणं चुकून दोनदा लागलं, साहेब ओरडले, ते काय होतं?”

पत्नीचा हात खाली आला, चादर जमिनीला टेकली आणि रेडिओ पुन्हा खरखरू लागला. कंपाउंडरांनी काट्याखालचा आकडा पाहिला. चष्मा पुसून परत पाहिला. आकडा बरोबर होता.

“आपलंच काही चुकलं का गं?” त्यांनी विचारलं. हे रेडिओबद्दल की लेकीबद्दल, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी रोजच्यासारखा फोन आला.

“बाबा, आत्ता सुटले बघा. आज काय मजा झाली! एका आजोबांनी फोन केला आणि मलाच गाणं म्हणून दाखवलं.”

“हो का?”

“अख्खं गाणं! थांबायलाच तयार नव्हते.” मग तिने विचारलं, “तुमच्याकडे लागलं का हो आज?”

पत्नी जवळ येऊन उभी होती. तिने मान हलवली. सांगू नका म्हणत होती, की आता सोडू नका म्हणत होती, कंपाउंडरांना काही कळेना.

“नाही गं बाळा,” ते म्हणाले. “हवाच नव्हती आज.”

पलीकडे तिने सोडलेला श्वास त्यांना अगदी स्वच्छ ऐकू आला.