पाठमोरं जहाज

अँड्र्यूनं आकड्यानं बूच उपटलं आणि शहनाझच्या जहाजात पाणी शिरायला लागलं.

जुमेरा लेक टॉवर्सच्या तळ्यावर शनिवारी सकाळी मॉडेल युद्धनौकांची स्पर्धा चालू होती. पहिल्या महायुद्धातल्या जहाजांच्या हुबेहूब प्रतिकृती, रिमोटवर चालणाऱ्या. नियम सोपा होता. तळ्याच्या मध्यावर कयाकमध्ये बसलेला पंच, वसईचा अँड्र्यू, प्रत्येक जहाजाला ‘टॉर्पेडो’ मारायचा, म्हणजे पुढच्या भागातलं रबरी बूच काढायचा. पाणी भरत असतानाच जहाजानं पलीकडचा, रिमोट धरून मालक उभे असलेला काठ गाठायचा. सकाळपासून एकही पोचलं नव्हतं. आता शेवटची दोन उरली होती, आणि ती दोन्ही एकाच घरातली.

एक खैरुद्दीनचं, इंग्रजांची ‘क्वीन मेरी’. दुसरं त्याच्या बायकोचं, जर्मनांचं ‘झायडलिट्झ’.

इतकी वर्षं शहनाझ नवऱ्याची जहाजं घासून, रंगवून द्यायची आणि करंडकावर नाव त्याचं यायचं. यंदा तिनं स्वतःचं जहाज बांधलं. आतून त्याचे बारीक बारीक कप्पे पाडले, प्रत्येक कप्पा वेगळा बंद केला.

“ही काय सतव्यातली पार्टिशनची बेडस्पेस आहे, एका खोलीत दहा खाटांची?” गाडीत जहाजं ठेवताना खैरुद्दीन हसला होता. “एवढं वजन घेऊन पळणार कसं ते?”

“पळायला नाही बांधलं,” ती म्हणाली होती.

“मग लाव पैज. जहाजं बांधायला घरात बाल्कनी एक, टेबल एक. हरेल त्यानं पुढच्या वर्षी दुसऱ्याचं जहाज रंगवायचं.”

“लावली,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

दोन्ही बुचं निघताच ‘क्वीन मेरी’ तीरासारखी सुटली. आतून सगळी पोकळ, वजनाला हलकी. काठावर शिट्ट्या वाजल्या. खैरुद्दीन रिमोट छातीशी धरून ओरडला, “यल्ला, यल्ला!”

काठ दोन हातांवर आला असताना जहाज डावीकडे किंचित कललं. त्यानं उजवीकडे वळवलं. आत साठलेलं सगळं पाणी एकदम उजव्या कुशीला धावलं आणि ‘क्वीन मेरी’ एका झटक्यात पालथी झाली. वर लाल तळ दिसला, मग नुसते बुडबुडे.

खैरुद्दीनच्या अंगठ्याखाली रिमोटचा खटका अजून पुढेच होता.

‘झायडलिट्झ’ तळ्याच्या मध्यातच होतं. पुढचे कप्पे भरले होते. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, इतकी खाली गेली होती की पुढच्या तोफा पाण्याला टेकल्या होत्या. ते जितकं पुढं जाई तितकं पाणी डेकवर चढे.

“मम्मा, फास्टर! इट्स सिंकिंग!” सफा, त्यांची मुलगी, शेजारी उड्या मारत होती.

शहनाझनं जहाज थांबवलं.

कुणीतरी “अरेरे” म्हणालं. तिनं सावकाश, फार सावकाश, जहाज वळवलं. त्याची पाठ या काठाकडे आली, तोंड निघाल्या जागेकडे.

“शहनाझ मॅडमची माघार!” अँड्र्यूनं भोंग्यातून जाहीर केलं. लोक हसले. दोघातिघांनी मोबाइल खिशात ठेवले.

मग तिनं खटका मागं ओढला.

जहाज पाठमोरं निघालं. पाणी आता डेकवर चढेना. नाळ बुडालेली तशीच राहिली, पण मागचा भाग वर उचललेला होता. पंखे अर्धे पाण्याबाहेर आले होते आणि पाणी उडवत होते. जरा वेग वाढला की सगळं जहाज थरथरायचं. तिनं वेग कमी केला. सफाचं ओरडणं थांबलं.

“उलटं का चालवतेस?” खैरुद्दीननं हळू आवाजात विचारलं.

“खरं ‘झायडलिट्झ’ असंच परत आलं होतं,” ती पाण्यावरची नजर न काढता म्हणाली. “एकोणीसशे सोळाची लढाई. पोटात हजारो टन पाणी, नाळ बुडालेली. शेवटी शेवटी पाठमोरंच चालवत आणलं त्याला. बंदर गाठलं त्यानं.”

“आणि ‘क्वीन मेरी’?”

“ती त्याच लढाईत गेली.”

वारा आला. टॉवरांच्या मधून येतो तसा, अचानक, आडवा. जहाज कललं. कप्प्यांतलं पाणी कप्प्यांतच राहिलं. जहाज क्षणभर तसंच तिरकं थांबलं आणि हळूहळू सरळ झालं.

“हळू,” खैरुद्दीन पुटपुटला. मग मोठ्यानं, “हळू, शहनाझ! घाई नको! येतंय ते!”

सफानं आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. मोबाइल पुन्हा बाहेर आले होते. अँड्र्यू भोंगा मांडीवर ठेवून कयाकमध्ये अर्धवट उभा राहिला होता, तोल सांभाळत.

टक्.

जहाजाची मागची बाजू काठाच्या दगडाला लागली.

असा आरडाओरडा झाला की वरच्या मजल्यांवरच्या बाल्कन्यांत माणसं आली. सफा “शी डिड इट! शी डिड इट!” म्हणत बापाच्या गळ्यात पडली. अँड्र्यूनं भोंगा उचलला. तो नुसता “शहनाझ!” एवढंच ओरडला. मॅडम नाही, काही नाही.

खैरुद्दीन गुडघ्यांवर बसला. जहाज उचलायला त्यानं दोन्ही हात पाण्यात घातले.

“थांब,” शहनाझ म्हणाली.

“अगं, पाणी भरतंय. बाहेर काढू दे.”

“राहू दे.” ती त्याच्या शेजारी येऊन बसली. रिमोट तिनं मांडीवर ठेवला. “तरंगतंय ना? मग तरंगू दे अजून थोडं.”