घंटेला भिणारा किल्लीवाला

पितळी पेला वर्तमानपत्रात गुंडाळून पेन्सिलकाकांनी पिशवीत घातला, तेव्हा बायको म्हणाली, "परत आणायचाय ना?"

"सहा वर्षं आणतोय," काका म्हणाले.

पेला म्हणजे वर्षातल्या सर्वांत चांगल्या पात्राचं बक्षीस. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत चौघं जमत आणि फासे टाकून गोष्ट खेळत. गोष्ट ग्रंथपालबाई सांगत. बाकीच्यांनी एकेक पात्र घडवून आणायचं, त्याचं नाव, धंदा, ताकद, खोडी, भीती सगळं ठरवायचं, आणि मग त्याच्या वतीनं लढायचं, पळायचं किंवा वेळ आलीच तर मरायचं. काका आपलं पात्र पेन्सिलीनं कागदावर घडवत, म्हणून हे नाव. खोडरबराचा भुगा मांडीवर पडल्याशिवाय माणूस उभा राहत नाही, असं त्यांचं मत होतं.

दंतवैद्याचं मत वेगळं होतं. तो मंडळात नवा. महिन्याची वर्गणी भरून त्यानं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, बटण दाबायचं, की पात्र तयार. आकडेमोड चोख, पूर्वकथा आयती. काकांना तीन आठवडे लागत, त्याला तीन मिनिटं. शिवाय त्याचे दात पांढरेशुभ्र होते. तीही काकांना जाहिरातबाजीच वाटे.

त्या रविवारी काकांनी आधी आपला कागद वाचला. एक शिपाई. उंच. शूर. उजव्या हातात तलवार.

"छान आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. शेजाऱ्यांचं बाळ बघून म्हणतात तशा.

निवृत्त पोस्टमन चौथा भिडू. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटून त्याला स्पष्ट बोलायची सवय लागली होती. "काका, राग मानू नका. पण यंदा वर्षभर तुमची माणसं कोरडी पडलीत. छापखान्यात होतात तेव्हा काय एकेक नग आणायचात."

"दमतो हल्ली," काका म्हणाले.

ते खरं होतं. छापखाना बंद पडल्यावर त्यांना एका कचेरीत फॉर्म भरायचं काम मिळालं होतं. कसले फॉर्म, हे बाहेर बोलायचं नाही, अशी सहीच करून घेतली होती. बायकोनं फारच खनपटीला बसून विचारलं तेव्हा एवढंच बाहेर पडलं, की माणसांची माहिती असते, नाव, गाव, सवयी, रोज चाळीस. ती विम्याची कचेरी असणार असं तिनं स्वतःच ठरवलं आणि शेजारी तसं सांगूनही टाकलं.

मग दंतवैद्यानं टॅब्लेट पुढ्यात घेतला. त्याचं पात्र म्हणजे एक म्हातारा किल्लीवाला. जगातलं कुठलंही कुलूप उघडेल, पण घंटा वाजली की कानांवर हात ठेवतो आणि किल्ल्या खाली पडतात. लहानपणी आईनं शाळेच्या फाटकाशी सोडलं होतं. घंटा झाली की न्यायला येते, म्हणाली होती. घंटा झाली. आई आली नाही.

पोस्टमननं चष्मा पुसायला घेतला.

"उजव्या खिशात घराची किल्ली," दंतवैद्य पुढे वाचू लागला.

"डाव्या," काका पुटपुटले.

दंतवैद्यानं पडद्याकडे नीट पाहिलं. "हो की, डाव्याच. वाकून बघताय वाटतं, काका?"

सगळे हसले. काकांचे कान लाल झाले.

बाईंनी विषय काढला, की सगळ्यांनी मिळून ही वर्गणी भरावी का. काका तेवढ्याचीच वाट पाहत होते. विकतच्या माणसात राम नसतो, हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. उद्या रडायलाही भाड्यानं माणूस ठेवाल, म्हणाले. आणि टाळ्या कुणाला? बटण दाबणाऱ्या बोटाला.

"पण काका, हे कुणीतरी जीव ओतून लिहिलंय," बाई म्हणाल्या. "बटणाला घंटेची भीती कुठून सुचणार?"

ऐकू आलं नाही, असं सांगून काकांनी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं.

वर्गणीचा निर्णय पुढे ढकलला आणि पेल्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. चार चिठ्ठ्या, चारही किल्लीवाल्याला. त्यातली एक पेन्सिलीनं लिहिलेली.

"काका, तुम्हीसुद्धा?" पोस्टमननं विचारलं.

"हात चुकला."

"मनाचा मोठेपणा म्हणतात याला," बाई म्हणाल्या, तर काका त्यांच्यावरच उखडले. पेल्यावर बायकोनं घासून आणलेली चकाकी होती. त्या चकाकीत दंतवैद्याचे सगळे दात दिसले. काकांनी पेला त्याच्या हातात दिला, पण सोडायला जरा वेळ लावला.

घरी आल्यावर बायकोनं रिकामी पिशवी पाहिली. "कुणाला गेला?"

"बोटाला."

तिला अर्थ कळला नाही, पण चेहरा कळला. "मग तुम्हीही भरा की ती वर्गणी. निदान जीव तरी थंड होईल."

"मी? एक दमडीसुद्धा नाही."

रात्री जेवताना त्यांनी तीनदा दंतवैद्याचा विषय काढला आणि तिन्ही वेळा, त्याचं नाव काढू नकोस, असं तिलाच बजावलं.

सोमवारी दहाला काका कचेरीत आपल्या खुर्चीत बसले. साहेबीणबाई हातात कागद घेऊन आल्या. लेकीच्या वयाच्या, एरवी करड्या, पण आज चक्क खूश होत्या. "काका, तुमचा तो घंटेला भिणारा किल्लीवाला. या महिन्यात वर्गणीदारांनी सगळ्यात जास्त तोच घेतला. तसेच चाळीस होऊ द्या आज."

काकांनी पहिला फॉर्म उघडला. 'धंदा' या रकान्यात 'दंतवैद्य' असं लिहिलं. 'दुर्गुण' या रकान्यात मात्र जागा पुरेना.