वरच्या सात ओळी

"बाकी काय बदलायचं ते बदल, भिकन. वरच्या सात ओळींना मात्र हात लावू नको. ज्यांनी ज्यांनी हा खेळ घडवला, त्यांची नावं आहेत ती. आठवं तुझं लिही."

फ्लॉपी हातात ठेवताना तोतारामभाऊंनी असं बजावलं होतं आणि भिकन "हो भाऊ" म्हणाला होता. आज तेच भाऊ खेळ बघायला जळगावहून देवपूरच्या कॉलेजात आले होते, आणि लॅब सांभाळणाऱ्या भिकनला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एकाच यंत्राला जोडलेल्या लॅबमधल्या आठही पडद्यांवर पोरांनी खेळ उघडला. चित्र कुठंच नाही, नुसती अक्षरं. किल्ला, भुयार, विहीर. एकानं टाइप केलेलं सगळ्यांना दिसायचं. माथ्यावर एकच नाव होतं : भिकन महाजन.

"पोरानं स्वतः रचलाय," प्राचार्य पाहुण्यांना सांगत होते. "तोही आपल्या या जुन्या यंत्रावर."

अर्धं खरं होतं ते. नव्या सिस्टिमसाठी लिहिलेला खेळ इथं उघडतही नव्हता. तीन महिने भिकनने एकेक ओळ बदलली होती. जागा पुरेना म्हणून भुयाराच्या चार खोल्या कापल्या होत्या. नावांनी मात्र काहीच जागा अडवली नव्हती. पुसताना हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तोतारामभाऊ एका पडद्यापुढं बसले. दोन बोटांनी टाइप करू लागले. आठही पडद्यांवर ओळ उमटली : 'बठ्ठा शेतस, वरना सात जण कोठे गयात?'

सगळे आहेत, मग वरचे सात जण कुठं गेले? पोरं हसली. त्यांना वाटलं, खेळातलंच कोडं आहे. एक तर त्या सात जणांना शोधायला विहिरीत उतरला.

भाऊ उठले. "माझ्याकडे पाचवा खेळाडू आला की बंद पडायचा हा. तू आठ जण खेळवलेस. मोठं काम केलंस, भिकन."

"भाऊ, चहा तरी..."

"नको रे, गाडी चुकेल. उद्या आखाजी. पितरांची घागर भरताना आजा-पणजाची नावं घ्यायची. मधलं एक जरी सुटलं, तर आई पहिल्यापासून म्हणायला लावते."

ते गेले. भिकनने फाइल उघडली आणि वर तोतारामभाऊंचं नाव टाइप केलं. ते सातवं. बाकीची सहा त्याला आठवेनात. फ्लॉपीवरही आता बदललेलाच खेळ होता. पुसण्याआधी त्याने ती एकदाही धड वाचली नव्हती.

स्टँडवर जळगावची गाडी लागली होती. भाऊ खिडकीशी बसले होते. भिकन आत शिरला तसे ते सरकले. त्याने मांडीवर वही उघडली.

"पहिल्यापासून सांगा, भाऊ."