हात मागे
टेबलं सहा, रोबो सहा, मुलं सहा आणि पालक नऊ. स्क्रूड्रायव्हर मात्र एकाही मुलाच्या हातात नव्हता. "पालकांनो, हात मागे!" ओरडून ओरडून शिकवणाऱ्या ताईचा घसा बसला होता. कोपऱ्यातली चिमुरडी स्वतःच्याच रोबोकडे पाहुण्यासारखी बघत होती. तिने बोट पुढे करताच बाबा खेकसले, "थांब गं, बिघडवशील!" ताईचं डोकंच फिरलं. तिने रोबोच्या मोटारीला जोडलेल्या दोन्ही वायरी उपटल्या. "अहो मॅडम, चालत होता की!" "तुमचा चालत होता. आता ती जोडेल." बाबांचे हात शिवशिवायला लागले, तेव्हा ताईने त्यांत मोजपट्टी कोंबली. चिमुरडीने ओठ दुमडून वायरी जोडल्या. उलट्या जोडल्या. ताईने ते पाहिलं आणि स्वतःचेच हात मागे घेतले. जमिनीवर ठेवताच रोबो मागे सुटला आणि बाबांच्या बुटावर आपटून थांबला. "किती गेला, बाबा?" बाबांनी मुकाट वाकून मोजलं. "एकोणीस सेंटिमीटर."