द्वारकाआत्यांचा षटकार

काचतपासनीस मुल्लाबाईंनी फुटक्या तावदानाच्या तड्यावर यंत्राची सुई ठेवली, तशी अख्खी गल्ली पुढे सरकली.

"खिडकी मीच फोडली," सत्तरीच्या द्वारकाआत्या ठासून म्हणाल्या.

"हिला बॅट तरी पेलते का? षटकार माझा!" त्यांचे थोरले भाऊ भिकाजीराव गरजले.

"गुन्ह्यासाठी अशी ओढाताण पहिल्यांदाच बघतेय," मुल्लाबाई हसल्या.

काच फुटण्याच्या आगेमागे झालेलं बोलणं तड्यातल्या बारीक रेघांत उमटून राहतं, हे आता सगळ्या मिरजेला ठाऊक होतं. सुई फिरली. आधी आला भिकाजीरावांचाच आवाज, "अगं द्वारके, काय हाणलास गं!" आणि मग खळ्ळकन!

भिकाजीराव चपला शोधू लागले. द्वारकाआत्यांनी पदर खोचला.

"लिहून घ्या बाई, आरोपी द्वारकाबाई. आणि खिडकी तिसऱ्या मजल्यावरची होती, तेवढं विसरू नका."