हार्लनने सुचवलेली गाणी

"आता... हे गाणं. नवीन आहे. ह्याच... वर्षीचं," हार्लन एकेक शब्द सुटा करत म्हणाला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"ह्याच वर्षीचं. छान," समोरचा सेंग वांग तितक्याच सावकाश म्हणाला आणि वहीत गाण्याचं नाव उतरवून घेऊ लागला.

गावच्या वाचनालयात दर मंगळवारी दुपारी अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाची एका स्थानिक मदतनीसाशी गाठ घालून देतात. तासभर गप्पा मारायच्या, तेवढाच इंग्रजीचा सराव. हार्लन ऑस्टबी त्र्याहत्तर वर्षांचा, शेती विकून गावात येऊन राहिलेला. बायको गेल्यापासून मंगळवार सोडला तर तो दाढीसुद्धा करत नसे. पण त्याच्या वाट्याला आलेले तिघेही महिन्याभरात गायब झाले होते, कारण हा पठ्ठ्या त्यांना तासभर अकॉर्डियनवरची जुनी पोल्का नाचाची गाणी ऐकवायचा. शेवटी वाचनालयाच्या लोइसबाईंनी गोड आवाजात सांगितलं, की कामावरची पोरं जी ऐकतात ती आजकालची गाणी ह्या लोकांना हवी असतात, आणि चौथाही गेला तर हार्लनने जरा विश्रांती घ्यावी. आमच्या मिनेसोटात अशा विश्रांतीचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

हार्लनने हाय खाल्ली. मंगळवारही गेला, तर मग उरलं काय?

तो कंबर कसून अभ्यासाला लागला. नात ब्रिटा कॉलेजातून दर रविवारी दोन नवी गाणी पाठवी, ती तो पिकअपमध्ये काचा वर करून ऐके. पहिलं रॅप ऐकताना त्याला वाटलं, कोणीतरी आपल्यालाच झापतंय. तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं, की पोरगा आईबद्दल बोलतोय, आणि चांगलं बोलतोय. एका मुलीच्या गाण्यात शेताचा लिलाव होता. ते ऐकून तो पिकअपमध्येच रडला.

सेंग भेटला त्या दिवशी सकाळपासून बर्फ कोसळत होतं. लोइसबाईंची गाडी रस्त्यात अडकली, तेव्हा ओळखी करून द्यायला कोणी नव्हतं. जो तो दिसेल त्या खुर्चीवर बसला. चाळिशीचा एक माणूस एकटाच बसलेला पाहून हार्लन त्याच्यासमोर बसला. मदतनिसांना सूचनांचा कागद मिळालेला होता. सावकाश बोला, सोपे शब्द वापरा, आणि कुठल्या देशातून आलात हे विचारू नका, सांगायचं तेव्हा माणूस आपण होऊन सांगेल. ही शेवटची सूचना आमच्याकडच्यांना खरं तर लागत नाही. इथे शेजाऱ्याच्या पायाला प्लास्टर दिसलं तरी आम्ही फक्त हवेबद्दल बोलतो.

पलीकडच्या टेबलावर दोन बाया पहिल्या दिवसापासून हातवारे करत खिदळत होत्या. त्यांतली मदतनीस कोण, हे हार्लनला शेवटपर्यंत उमगलं नाही.

सेंगचं मात्र त्याला फार कौतुक. हा माणूस गाणं संपेपर्यंत गप्प बसायचा, मग विचारायचा, की काका, ह्यातलं तुम्हाला काय आवडलं? त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना काका म्हणत असावेत, असं हार्लनने मनाशी ठरवून टाकलं. ऐकायला बरं वाटायचं. वर्षभरात तो घरात बोलला नव्हता इतकं त्या टेबलावर बोलला. शेताच्या लिलावाचं गाणं लावलं त्या दिवशी तर त्याने स्वतःच्या लिलावाची सगळी हकिगत सांगितली, आणि सेंगने नुसता त्याच्या हातावर हात ठेवला.

एकदा हार्लनने लिंबाच्या वड्या करून नेल्या.

"हे... तुमच्याकडचं?" सेंगने विचारलं.

"हो, आमच्याकडचं."

सेंगने तीन खाल्ल्या आणि पुढच्या मंगळवारी डबाभर तळलेले एगरोल आणले. हार्लनने त्यातले पाच उडवले.

मार्चपर्यंत सेंगच गाणी सुचवू लागला. हार्लनने अभिमानाने ब्रिटाला फोन केला, की गडी भलता हुशार आहे, आता मलाच शिकवतोय. उच्चार तर असे झालेत, की डोळे मिटले तर वाटावं, इथलाच कोणीतरी बोलतोय.

एप्रिलचा शेवटचा मंगळवार आला. उन्हाळाभर हे बंद, आता नवीन जोड्या ऑक्टोबरात लागणार होत्या. हार्लनला दोन रात्री झोप नव्हती. गाणं संपल्यावर त्याने धीर केला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणालातरी थेट विचारलं.

"ऑक्टोबरात... तू... येशील?"

"तुम्ही आलात, तर मी येणार, काका," सेंग म्हणाला आणि हसला.

हार्लनचा जीव भांड्यात पडला. सेंग डबा घेऊन गेला. हार्लन कोट चढवत होता, तेवढ्यात लोइसबाईंनी त्याला खुणेने बोलावलं. मदतनिसांनी वर्षअखेरीला भरून दिलेले कागद त्यांच्यापुढे पसरले होते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. हे तूच वाच, मला काही सुचत नाही, असं म्हणत त्यांनी त्यातला एक कागद पुढे केला.

हार्लनने चष्मा लावला.

"मदतनीस: सेंग वांग, जन्म सेंट पॉल, मिनेसोटा. नव्याने आलेली व्यक्ती: हार्लनकाका. देश: सूचनेप्रमाणे विचारला नाही. प्रगती: सुरुवातीला एकेक शब्द जुळवत बोलायचे, पण आपली नवी गाणी आवडीने ऐकतात आणि आता मनातलंही बोलतात. ह्या वयात परक्या देशात रुळणं सोपं नाही, तेव्हा पुढच्या वर्षीही त्यांच्या जोडीला मलाच ठेवावं."